आडवा झोका

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज झोपाळ्याच्या कड्यांचा. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, चहाचा कप घेऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर बसत आणि एक पाय जमिनीला लावून सावकाश झोका घेत. कड्या करकरत. आई चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडायची, “अहो, तेल घाला त्या कड्यांना. गाव उठेल.” अण्णा तेल घालत नसत. तेल घातलं की झोका लवकर थांबत नाही आणि मला थांबताना बघायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. ते गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. कुठली वस्तू कशाने हलते, एका फेरीला किती वेळ घेते आणि शेवटी कशाने थांबते, हा त्यांचा शाळा सुटल्यावरही न सुटणारा विषय होता. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा भाईकाका, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात होता. रात्रपाळी करून कंपनीच्या बसने सकाळी घरी यायचा, शर्टाला तिकडचा आंबट वास असायचा, आणि अंगणात पाय टाकताच म्हणायचा, “दादा, अजून थांबला नाय का तुझा झोपाळा? मी आठ तास मशीन हलवून आलो, तू बसल्या जागी हलतोस.”

अण्णांच्या शिकवण्याला फळा लागत नसे. मला एकटीला झोपाळ्यावर बसवून ते हातातल्या घड्याळाकडे बघत झोके मोजायचे, मग शेजारची दोन मुलं माझ्या बाजूला बसवून पुन्हा मोजायचे. वेळ तोच. झोका फार मोठा नसेल तर लहान झोक्यालाही तोच. झोपाळ्याला माणसांचं वजन कळत नाही, त्याला फक्त कड्यांची लांबी कळते, हे वाक्य मी पाठ्यपुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. मग स्प्रिंगचा काटा. आगरातल्या सुपाऱ्या तोलायला तो पडवीच्या वाशाला टांगलेला असे. त्याला आधी आमसुलांची लहान पिशवी लावायची, हलकेच खाली ओढून सोडायची, ती तुरुतुरु वरखाली होई. मग नारळांनी भरलेली पिशवी लावायची. ती जडपणे, आळसावल्यासारखी वरखाली होई. “बघ,” अण्णा म्हणत, “दोघांचंही हलणं एकाच जातीचं. मधल्या जागेपासून जितकं लांब न्यावं तितक्या जोराने ते मागे ओढलं जातं. पण झोपाळा वजनाला विचारत नाही आणि हा काटा वजनाशिवाय काही विचारत नाही.” पुढे मी वर्तमानपत्रात अनेक वर्षं काढली. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्या कुठे वेगळ्या आहेत ते आधी तपासावं, ही सवय तिथे कामाला आली. ती लागली मात्र पडवीतल्या त्या काट्याखाली.

आईला या शिकवणीत रस नव्हता, पण तिचं काम अण्णांना उदाहरणासाठी लागे. ती विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन यायची. हंड्यात आंब्याची डहाळी टाकलेली असायची. पायांच्या ठेक्याने पाणी हिंदकळायला लागलं की ती चाल बदलायची, दोन पावलं लांब टाकायची. अण्णा ओटीवरून सांगत, “पाण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. बाहेरून बसणारा धक्का त्याच ठेक्यात आला, तर धक्का लहान असला तरी हलणं वाढत जातं. तिने चाल मोडली, धक्का बेठेक झाला, पाणी बसलं. आणि ती डहाळी हलण्यातला जोर खाते.” आई हंडा उतरवत म्हणायची, “पाणी सांडत नाही कारण मी बघून चालते. एक दिवस तुम्ही आणा, मग शिकवा.” त्यावर अण्णा हसत आणि आत जाऊन भाकरी खात. सकाळी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, सुकटीची चटणी असली तर तीही. जेवताना ते कमी बोलत. आमच्या घरात बोलणं ओटीवर आणि गप्प बसणं स्वयंपाकघरात, अशी वाटणी होती.

गाव खाडीच्या काठावर होतं. गुहागरकडे जाणारा रस्ता आमच्या बाजूने गेलेला, आणि खाडीच्या पलीकडे तीसेक घरांची पैलवाडी. आई त्या वाडीची. तिची आई, म्हणजे माझी आजी, तिथे एकटी राहायची. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून ती या काठाला येत नसे. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती लागली की खाडीचा तळ उघडा पडे आणि गुडघाभर चिखलातून पलीकडे जाता येई. भरतीला होडी, नाहीतर लांबचा वळसा. भरती-सुकती हेही अण्णांच्या यादीत होतं. पण ते म्हणत की झोपाळा एकदा ढकलून सोडला की आपल्या ठेक्याने हलतो, तर समुद्राला चंद्र आणि सूर्य त्यांच्या ठेक्याने हलवतात, त्याला आपलं काही चालवता येत नाही. पैलवाडीची मुलं शाळेला येताना भिजत म्हणून पुढे तिथे झुलता पूल झाला. दोन काठांवर खांब, लोखंडी दोर, त्यांवर लाकडी फळ्या, हाताला धरायला दोन्ही बाजूंनी तारा. आज त्या जागी सिमेंटचा पूल आहे आणि त्यावरून टेम्पो जातात. झुलत्या पुलाचा या काठावरचा एक खांब तेवढा उरलाय. त्याला कुणीतरी केबलची वायर बांधली आहे.

पूल झाला त्या आठवड्यात अण्णा मला घेऊन त्यावर गेले. मधोमध उभं करून म्हणाले, “उडी मार.” मी उड्या मारल्या, थांबले, आणि पूल वरखाली होत राहिला तेवढा वेळ ते घड्याळ बघत राहिले. घरी येऊन त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि भाईकाकाला म्हणाले, “ओळख कसला.” काका लगेच म्हणाला, “आपला शिमग्याचा. पालखी नाचवताना वाजतो तो.” अण्णांनी होकाराची मान हलवली. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण पालखी पुलावरून जाणारच नव्हती. ती पिढ्यानपिढ्या सुकतीला, चिखलातून जात असे. आम्हा मुलांचाही पुलावर एक खेळ होता. शाळेतून परतणारी पैलवाडीची मुलं आणि त्यांना पोचवायला गेलेले आम्ही, मधोमध ओळीने उभे राहून सगळ्यांनी एकदम उजव्या पायावर भार टाकायचा, मग डाव्या. पूल साप सरकावा तसा आडवा हलायचा. वरखाली हलण्यापेक्षा हे हलणं बरंच सावकाश होतं आणि म्हणून त्यात जास्त मजा होती. अण्णांचं मोजमाप आणि आमचा खेळ, दोन्ही एकाच घरात होती. त्यांची गाठ पडली नाही.

ज्याने कोकणातला शिमगा पाहिला नाही त्याच्यासाठी एवढं सांगायला हवं. होळीनंतर ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. देवळात आपण देवीकडे जातो; शिमग्यात ती आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. बायका ओटी भरतात, गुरव घरासाठी गाऱ्हाणं घालतो, आणि अंगणात पालखी नाचते. मुंबईला असलेले पुरुष त्यासाठी गावी येतात. नाचवणं हे कसब आहे. पालखीची दांडी खांद्यावर घेऊन गुडघ्यांत लवायचं, उसळायचं, गरकन फिरायचं, आणि पालखी सरळ ठेवायची. आमच्या गावात ते भाईकाकाइतकं कुणालाच साधत नसे. आणि एक नियम होता, जो कुणी सांगत नसे कारण तो सगळ्यांना माहीत होता. पालखी खांद्यावर आहे तोवर ढोल वाजत राहणार. ढोल थांबवायचा तर गुरवाने हात वर करायचा. दुसऱ्या कुणी तो थांबवत नसे.

पूल झाला त्या वर्षी पालखी दुपारीच पैलवाडीला जायची होती, सुकतीच्या वेळेला. अलीकडच्या आवाठात, म्हणजे वस्तीत, दोन भाऊ त्याच वर्षी वेगळे निघाले होते. घर एकच, मध्ये नवी भिंत, आणि अंगण कुणाचं यावर बोलणं अडलेलं. पालखी आली तेव्हा थोरला म्हणाला आधी माझ्या दारात, धाकटा म्हणाला ओटी माझ्या वाट्याला आली आहे. गुरव मध्ये, मानकरी भोवती, आणि पालखी खांद्यावर. ढोल वाजतोय, त्यामुळे भांडण ओरडून चाललेलं. थोरल्याची बायको ओरडली, “भिंत घालताना देवीला विचारलंत काय?” त्यावर धाकट्याची बायको काय म्हणाली ते ढोलात ऐकू आलं नाही. शेवटी पालखी दोघांच्या मधल्या भिंतीसमोर नाचली आणि ओट्या दोन्ही बाजूंनी भरल्या. हे मिटेपर्यंत खाडीत पाणी चढलं होतं.

आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. समोरच्या काठावर पैलवाडी जमली होती. आजीला कुणीतरी हाताला धरून आणून दगडावर बसवलं होतं. तिचं हिरवं लुगडं इथून ओळखू येत होतं. आई ओटीचं ताट घेऊन पालखीच्या मागे चालत होती, कारण माहेरी पालखीबरोबर जायची तिची रीत होती. मुंबईहून आलेल्या पोरांनी आरोळी दिली, “चला, पुलावरून!” अण्णा पुढे झाले आणि गुरवाला म्हणाले, “ढोल बंद करून न्या. आणि पावलाला पाऊल जुळवून चालू नका.” गुरव म्हातारा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “मास्तर, पालखी खांद्यावर आणि ढोल गप, असं होत नाय.”

“या पुलाचा ठेका आणि तुमच्या ढोलाचा ठेका एक आहे. मी मोजलाय.”

“मग पुलाला सांगा बदलायला,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

“पालखी परत फिरवा तर मग,” अण्णा म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. एकदा पाऊल टाकलं की पालखी फिरत नाही. होडीत पालखी घालायची नाही, हाही नियम होता. पुढची सुकती मध्यरात्रीनंतर, आणि दुसऱ्या दिवशी पालखी दुसऱ्या गावच्या सीमेला भेटीला जायची. म्हणजे परत फिरणं याचा अर्थ या वर्षी पैलवाडीला पालखी नाही. आईने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, एवढंच. अण्णांनी ते पाहिलं, थोडा वेळ पुलाकडे बघितलं, आणि तोड काढली. ढोल-ताशा याच काठावर राहतील. पुलावर गुरव, पालखी घेणारे आणि मोजकेच लोक. आणि ठेका नाचाचा नाही, संथ. पालखी शेवटी देवळाच्या पायऱ्या चढते तेव्हा वाजतो तो. संथ ठेका पुलाच्या ठेक्यापासून लांब होता, म्हणजे धक्के जुळणार नाहीत. गुरवाने विचार केला आणि मान डोलावली. “संथ तर संथ. तोही देवीचाच आहे.”

अण्णांचा हिशोब चुकीचा नव्हता. तो वरखाली हलण्याचा होता, आणि वरखाली पूल हललाच नाही. पण संथ ठेक्यावर पालखी उसळत नाही, ती डुलते. खांदेकरी उजव्या पायावर भार घेतात, मग डाव्या. पुढे गुरव, मग भाईकाका आणि त्याचा जोडीदार, मागे दोघे, त्यांच्यामागे पोरं, सगळे त्याच ठेक्यात उजवीकडे, डावीकडे. पालखी मध्यावर पोचायच्या आधी पूल पहिल्यांदा बाजूला सरकला. थोडासाच. मग दुसऱ्या बाजूला. पूल सरकल्यावर माणसांनी तोल सावरायला पाय फाकवले आणि तो जाईल त्या बाजूला रेटा दिला. कुणी ठरवून नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी दिला, कारण सगळ्यांच्या पायाखाली एकच पूल होता. हे अण्णांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला दिसलं ते इतकंच की आमचा खेळ मोठी माणसं खेळताहेत, आणि त्यांना ते माहीत नाही.

काठावरच्या लोकांना वाटलं, देवी नाचते आहे. मागून आवाज आला, “बाय खेळाय लागली रे!” पैलवाडीकडून टाळ्या सुरू झाल्या. पालखीचे गोंडे एकदा खाडीच्या तोंडाकडे, एकदा रानाकडे फेकले जात होते, आणि प्रत्येक खेपेला थोडे जास्त. मग भाईकाकाचा पाय फळीवरून घसरला, दांडी खाली झुकली आणि पालखीतला एक नारळ तारेवर आपटून पाण्यात पडला. टाळ्या थांबल्या.

अण्णा ओरडत होते, “उभे राहा! चालू नका!” ढोलापाशी उभं राहून मलाच ते धड ऐकू येत नव्हतं, पुलावर कुठून जाणार? मग ते ढोलवाल्याकडे वळले. तुकाराम त्याचं नाव. बापापासून ढोल त्याच्याकडे आला होता. “थांबव,” अण्णा म्हणाले.

“गुरवबाबा हात वर करूदे.”

“अरे, तो दोन्ही हातांनी तार धरून उभा आहे! हात कसा वर करील?”

“मग मी कसा थांबवू, मास्तर?” तुकाराम म्हणाला. तो घाबरलेला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. हात मात्र ठेका सोडत नव्हते. पुढे मी पुष्कळ माणसांना हेच वाक्य म्हणताना ऐकलं, कचेऱ्यांत, पोलीस ठाण्यांत, मंत्र्यांच्या दालनाबाहेर. तुकारामाइतका खरा अर्थ त्या वाक्याला क्वचित होता. त्याच्या मते ढोल तो थांबवू शकत नव्हता, आणि ते खरंच होतं.

आईने ताट खाली ठेवलं. ती दोन पावलं पुढे आली आणि तिने उजव्या हाताचा तळवा ढोलाच्या कातड्यावर ठेवला. तुकारामाची पुढची काठी तिच्या बोटांवर बसली. तिने हात उचलला नाही. तुकाराम काठी वर धरून तसाच राहिला, आणि ताशावाल्याने त्याच्याकडे बघून हात आवरला.

शांतता झाली आणि त्या शांततेत अण्णांचा आवाज पुलापर्यंत गेला. “उभे राहा! कुणी हलू नका!” माणसं उभी राहिली. पूल लगेच थांबला नाही. तो तेवढाच वेळ घेत एका बाजूला गेला, दुसऱ्या बाजूला आला, पण दर खेपेला थोडा कमी. ठेका तोच राहतो आणि फक्त झोका लहान होत जातो, हे मी ओटीवर शंभर वेळा पाहिलं होतं. पुरता थांबल्यावर अण्णांनी सांगितलं, आता चाला, पण एकमेकांच्या पायांकडे बघू नका, जमेल तसं चाला. ते तसे गेले, कुणी पुढे, कुणी मागे, बाजारातून परतणाऱ्या माणसांसारखे. पालखी पैलवाडीला टेकली. भाईकाका ते नंतर अनेक वर्षं सांगायचा. “जन्मभर पोरांना रांगेत चाला म्हणणारा माझा दादा. आयुष्यात एकदाच त्याने बेशिस्त चाला म्हटलं, म्हणून मी जिवंत आहे.”

ढोल मागून नेला आणि पलीकडे पुन्हा वाजला. आजीच्या अंगणात ओटी भरताना आईच्या दोन बोटांना ओला फडका बांधलेला होता. आजीने तो चाचपून बघितला. “ढोल का थांबला गो?”

“मी थांबवला.”

आजीने फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, “बरं. तांदूळ आतल्या खोलीत आहेत, घेऊन ये.”

गाव इतक्या लवकर बरं म्हणणारं नव्हतं. शिमगा उतरल्यावर देवळासमोर सहाणेवर बैठक झाली. सहाण म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा. बायका लांब, वडाखाली. मी त्यांच्यात होते, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे. एका मानकऱ्याने विषय मांडला. देवीच्या ढोलाला बाईचा हात लागला, गुरवाच्या हुकमाशिवाय ढोल थांबला, असं गावात कधी झालं नाही. मास्तरांच्या घराने देवीपुढे नारळ ठेवून क्षमा मागावी, आणि पुढच्या वर्षी पालखी त्यांच्या घरी जाऊ नये. नारळाचं कुणालाच काही वाटलं नसतं. दुसरी गोष्ट मोठी होती. पालखी दारावरून पुढे जाते ते घर त्या वर्षी गावात असून नसल्यासारखं.

अण्णा उभे राहिले. “चूक माझी आहे. संथ ठेका मी सांगितला. मी पूल वरखाली मोजला, आडवा मोजला नाही. आडवा झोका सावकाश असतो आणि तुमचा संथ ठेका नेमका त्याला जुळला. नाचाचा ठेका ठेवला असता तर पूल वेगळा हलला असता, पण तोही हललाच असता. दोन्हीवर उपाय एकच होता, ढोल थांबवणं. तो तिने केला.”

“म्हणजे मास्तर नापास,” कुणीतरी म्हणालं.

“नापास,” अण्णा म्हणाले आणि बसले.

सगळे गुरवाकडे बघत होते. तो पुलाच्या मधोमध तार धरून उभा राहिलेला माणूस होता. त्याने पान जमवलं, तोंडात टाकलं, आणि म्हणाला, “पुढच्या शिमग्याला बघू.” बैठक उठली. वाटेत आई अण्णांना एवढंच म्हणाली, “नापास म्हणायची काय गरज होती? सगळ्या पोरांसमोर.” अण्णा म्हणाले, “पोरांसमोरच म्हणायला हवं होतं.” त्यानंतर वर्षभर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. पण त्या वर्षी अण्णांनी शाळेत दोलनाचा धडा शिकवताना तो पूल फळ्यावर काढला, एकदा बाजूने आणि एकदा वरून. वरून काढलेलं चित्र आधी का काढलं नाही, तेही त्यांनी वर्गाला सांगितलं. बाजूने बघायची सवय होती, म्हणून.

पुढच्या शिमग्याला आईने सकाळीच पुरण शिजवायला घातलं. पालखी पैलवाडीहून परतताना आमच्या घरी येण्याची पाळी असे. ती येणार की दारावरून पुढे जाणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. भाईकाकाने कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती आणि तो पालखीबरोबर होता. अण्णा ओटीवर बसले होते, झोपाळ्यावर नाही, खाली घोंगडीवर. आई पोळ्या लाटत होती. “आली तर ओटी भरायची, नाय आली तर पोळ्या आपण खायच्या,” ती मला म्हणाली. “पीठ वाया जात नाही.” लांबून ढोल ऐकू येत होता, पुलाच्या दिशेने सरकत होता. मग तो सरकायचा थांबला. वाजत होता, पण एकाच जागी. बराच वेळ.

एक मुलगा धावत अंगणात आला. “काकी, पुलावर बोलावलंय. गुरवबाबांनी.”

आई तशीच उठली. लाटणं माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून त्याच्यामागे चालू लागली. मी लाटणं ठेवून पाठोपाठ. पुलाशी पालखी खांद्यावर घेऊन लोक उभे होते, सुकती असूनही. आता पूल आहे तर चिखलातून कशाला, असं पोरांचं म्हणणं पडलं होतं. तुकाराम घामाने भिजला होता. आई थांबली आणि गुरवाला म्हणाली, “काय झालं?”

“पालखी पुलावर न्यायची आहे,” गुरव म्हणाला.

“मग न्या.”

“ढोल वाजत कशी नेऊ? तुझा नवरा नको म्हणतो.”

“मग थांबवा.”

“मी हात वर केला तर पालखी खाली ठेवावी लागते. तशी रीत आहे. तुकाराम आपणहून थांबवायचा नाय, ती पण रीत आहे.” गुरवाने तिच्याकडे बघितलं. “गेल्या वर्षी तू थांबवलंस तेव्हा पालखी खाली ठेवली नव्हती. म्हणजे देवीला ते चाललं. आता इथे तुझा हात लागतो, सूनबाई. बोटं सांभाळ.”

तुकाराम पुढे आला आणि त्याने ढोल तिच्याकडे वळवला. काठी त्याने आधीच वर धरली होती. आईने हाताकडे बघितलं. तो पिठाने भरलेला होता. पुसायला ती पदर शोधू लागली तेव्हा मागून भाईकाका ओरडला, “वहिनी, खांदा दुखतोय, ठेव लवकर!” लोक हसले, आणि तिने तसाच तळवा कातड्यावर ठेवला. पालखी पुलावर चढली. माणसं विस्कळीत, जमेल तशी चालत गेली. आई शेवटचा माणूस पलीकडे उतरेपर्यंत हात तसाच ठेवून उभी होती. तिने तो उचलला तेव्हा काळ्या कातड्यावर पाच बोटं पांढरी उमटली होती, आणि तुकारामाने ती पुसली नाहीत.

संध्याकाळी पालखी आमच्या अंगणात नाचली. पुलावरचा तो हात पुढे मान झाला. आईनंतर तो भाईकाकाच्या सुनेकडे गेला. सिमेंटचा पूल हलत नाही, तरी ढोल तिथे थांबतो. देवीला पाणी ओलांडताना शांतता लागते, असं आता गावात सांगतात. मीही ते ऐकून घेते, कारण पैलवाडीत त्याचा उपयोग वेगळाच आहे. तिथल्या घरांतून पुलाचा हा काठ झाडीमुळे दिसत नाही. दुपारभर ढोल ऐकू येत असतो, घरोघर, जवळ येत. बायका चुलीपाशी आपापलं काम करत असतात. तो एकदम बंद झाला की त्या ओटीचं ताट उचलतात आणि दाराशी येऊन उभ्या राहतात.